डोळ्यांची तारीख होती, कानांची नव्हती

माझी लेक सातव्या महिन्यात झाली. वजन १४०० ग्रॅम. २३ दिवस काचेच्या पेटीत होती. त्यात कावीळ वाढली म्हणून निळ्या दिव्याखाली ठेवली, जंतुसंसर्ग झाला म्हणून अमिकासिनची इंजेक्शनं दिली. घरी सोडताना जे कार्ड हातात मिळालं त्यावर वजनाची तारीख होती, लसींच्या तारखा होत्या, डोळ्यांचा पडदा तपासण्याची तारीख तर लाल शाईनं गोल करून लिहिली होती. कानांविषयी एक अक्षर नव्हतं. आम्हीही विचारलं नाही. बाळ जगलं होतं. त्याहून जास्त काही मागायचं भान त्या दिवशी कुणाला असतं?

तिला नीट ऐकू येत नाही हे कळलं तेव्हा ती १४ महिन्यांची होती.

हे आज लिहायचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यात बीड जिल्ह्यातून आलेला एक फोन. "ताई, तुमचं सदर वाचते म्हणून विचारते," असं म्हणून ती बोलायला लागली. मुलाला सहावा महिना संपत आलाय. तोही पेटीत होता, कावीळ इतकी चढली की रक्त बदलावं लागलं. थाळी वाजवली की दचकतो, पण मागून हाक मारली तर वळत नाही. "सासूबाई म्हणतात, याचा बाप तीन वर्षांचा होईतो बोलला नव्हता, तू उगीच मनाला लावून घेतेस. आणि दवाखान्यात कानाची तपासणी पण झाली होती, पास आली होती."

थाळीचं आधी सांगते, कारण आमच्याही घरी तीच वाजली होती. थाळी वाजवताना बाळाला हात हलताना दिसतो, जमिनीतून हादरा जाणवतो. आणि मुळात थाळी, दार आपटणं, फटाके हे मोठे आवाज. थोडंफार ऐकू येणारं मूल त्यांना दचकतंच. बोलणं ही फार नाजूक गोष्ट आहे. 'आ', 'ऊ' हे स्वर दणकट असतात, ते कानात शिरतात. 'स', 'श', 'फ' बारीक आणि उंच पट्टीतले, ते आधी गळतात. माझ्या लेकीला 'सासू' म्हटलेलं 'आऊ' असं काहीतरी पोचत असणार. आपल्या मराठीत 'गेलास', 'जेवलीस', 'करतोस' हे सगळं त्या शेवटच्या 'स'वर उभं आहे. तो 'स' ज्याला कधी ऐकूच आला नाही, त्याची भाषा कशी घडणार? शिवाय न ऐकणारी बाळंही पहिले काही महिने हुंकारतात, खिदळतात. त्यामुळे घर निर्धास्त राहतं.

आता ती 'पास' तपासणी. तिच्याबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण इथेच शहाणी माणसंही फसतात. कानाच्या आत शंखासारखा वळलेला अवयव असतो, कॉक्लिया. आवाज आला की त्यातल्या केसांसारख्या पेशी स्वतःही अगदी सूक्ष्म ध्वनी परत पाठवतात. ओएई नावाची तपासणी तो परतीचा ध्वनी टिपते. काही मिनिटांचं काम. पण कावीळ फार वाढली तर इजा बऱ्याचदा त्या पेशींना होत नाही. तिथून पुढे जाणाऱ्या नसेला आणि मेंदूतल्या ऐकण्याच्या पहिल्या केंद्रांना होते. शंख शाबूत, पुढची वाट बिघडलेली. अशा बाळाची ओएई पास येऊ शकते आणि तरी त्याला बोलणं कळत नसतं. म्हणून पेटीत राहिलेल्या, कावीळ चढलेल्या बाळाची बेरा तपासणी व्हायला हवी. तिच्यात झोपलेल्या बाळाच्या कपाळाला आणि कानांमागे वायरी चिकटवतात, कानात टकटक आवाज सोडतात आणि तो नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहतात.

उलटही घडतं. ओएईच्या कागदावर 'रेफर' आलं की आईच्या पायाखालची जमीन सरकते. जन्मानंतरच्या दिवसांत कानात चिकटा किंवा पाणी असलं तरी 'रेफर' येतं. त्याचा अर्थ एवढाच, की पुन्हा तपासा. मात्र पुन्हा म्हणजे दोन-चार आठवड्यांत. पुढच्या दिवाळीला नव्हे.

घाई कशासाठी? पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा जगभर मानलेला दंडक आहे. ऐकण्याचा आणि भाषेचा मेंदूतला पाया पहिल्या दोन-तीन वर्षांत घातला जातो. आमचे १४ महिने गेले. त्यातले निदान दहा तरी वाचले असते, एका ओळीनं वाचले असते. त्या दहा महिन्यांचा राग मला अजून आहे आणि तो मी लपवणार नाही. इंजेक्शनांवर राग नाही. अमिकासिन कानाला इजा करू शकतं, पण त्यानंच लेक वाचली. ज्याला आपण औषध देतो, त्याचे कान पुढे तपासायचे, एवढंच माझं मागणं आहे.

जन्मतः ऐकू न येणारी बाळं हजारी एक ते तीन. अतिदक्षता विभागात राहिलेल्यांमध्ये हे प्रमाण कित्येक पट. सरकारला हे ठाऊक नाही असंही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला आणि त्याच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे. जिल्हा रुग्णालयांत त्यासाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे. कॉक्लियर इम्प्लांटसाठी केंद्राची एडिप योजना आहे, आणि तिलाही वयाची अट आहे, म्हणजे तिथेही उशीर महागात पडतो. वाट आहे, वाटेच्या तोंडाशी पाटी नाही. अतिदक्षता विभागातून घरी जाणाऱ्या प्रत्येक बाळाच्या कार्डावर बेराची तारीख छापील रकान्यात असलीच पाहिजे. आठवण राहील तसं, शाईनं, मर्जीवर नको.

निदान होईपर्यंतच्या त्या अधांतरी दिवसांत काय करायचं, असं फोनवरच्या त्या आईनं विचारलं. बोलत राहायचं. बाळाच्या तोंडासमोर, जवळ, उजेडात. हातांनी खुणाही करायच्या. खुणा केल्या तर मूल बोलणार नाही, ही भीती आमच्याही घरात होती आणि ती खोटी आहे. मुलाला भाषा मिळायला हवी. कानाच्या मशीनमधून मिळो, हातांतून मिळो, दोन्हींतून मिळो. आणि "गरोदरपणात तूच काहीतरी केलं असशील" असं कुणी म्हणालं तर तिथून उठून जायचं. मी उठले नव्हते.

जिल्ह्याच्या गावी तिला बेरासाठी गुरुवारची वेळ मिळाली आहे. बाळ तिथे जाऊन झोपायला हवं, म्हणून पहाटे चारला उठवायचं आणि दूधही शक्यतो तिथे पोचल्यावर पाजायचं, असं तिला सांगितलंय. तिची अडचण वेगळीच होती. एसटीत बसला की हा दहा मिनिटांत झोपतो, आणि प्रवास दोन तासांचा. तिथे पोचेपर्यंत झोप पुरी होऊन ताजातवाना! शेवटी धाकट्या बहिणीला सोबत घ्यायचं ठरलंय. दोघी आळीपाळीनं त्याला खेळवत, खिडकीबाहेरचं दाखवत, जागा ठेवत नेणार आहेत.