गोळी घेतली, गोष्ट राहिली

गेल्या वर्षी निपाणीकडचे एक पालक आमच्या स्टाफरूममध्ये आले आणि मुलाचा मोबाईल माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "सर, ह्यो रातभर मानसं मारतोय बघा. तुमीच काय ते सांगा ह्येला." मुलगा मान खाली घालून उभा. मी विचारले, "कोणाला मारतोस रे?" तो म्हणाला, "समोर येईल त्याला, सर." "का?" या प्रश्नाला मात्र त्याच्याजवळ उत्तर नव्हते.

पालकांची भीती निराधार नाही. 2019 च्या सप्टेंबरात बेळगावजवळच्याच एका गावात, मोबाईलवरील खेळाच्या नादावरून झालेल्या वादात मुलाने जन्मदात्याचा जीव घेतल्याची बातमी आपण सर्वांनी वाचली. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने पबजीवर बंदी घातली. कारण वेगळे, देशाच्या सुरक्षेचे होते. 2021 मध्ये तोच खेळ नव्या नावाने परत आला. बंदीने प्रश्न सुटत नाही, तो एवढ्यासाठी की आपण सगळे खेळ एकाच दावणीला बांधतो. बंदूक आपल्या ऐतिहासिक कादंबरीतही असते. ती कोणाच्या हाती आहे आणि कशासाठी, हे तिथे गोष्ट सांगते. खेळाची पारखही याच कसोटीवर व्हावी, असे माझे मत आहे.

1998 साली अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने 'हाफ-लाइफ' हा खेळ काढला. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना हे नाव परिचित आहे: किरणोत्सर्गी द्रव्याचे अर्धायुष्य! कथा मार्क लेडलॉ या कादंबरीकाराची. नायक गॉर्डन फ्रीमन हा शिपाईगडी नव्हे. सत्तावीस वर्षांचा, भौतिकशास्त्रात पीएच.डी. झालेला संशोधक. खेळ सुरू होतो तो नायक कामावर निघतो तिथून. प्रयोगशाळेच्या छोट्या गाडीत बसून आपण कितीतरी मिनिटे नुसते पाहात राहतो. एकही गोळी सुटत नाही. मग एक प्रयोग फसतो, दुसऱ्या जगाचे दार उघडते आणि तिथले भयंकर जीव आत शिरतात. नायकाच्या हाती पहिले हत्यार येते ते लोखंडी पहार! लष्कर सोडवायला आले असे सर्वांना वाटते. पण सैनिक शास्त्रज्ञांनाच टिपू लागतात, कारण घडल्या प्रकाराला साक्षीदार उरू द्यायचा नसतो. हे सारे आपण नायकाच्याच डोळ्यांनी पाहतो.

2004 च्या दुसऱ्या भागात पृथ्वी परक्या सत्तेच्या टाचेखाली आहे आणि त्या सत्तेच्या वतीने राज्य करतो तो त्याच प्रयोगशाळेचा जुना प्रमुख. स्टेशनवर एक पहारेकरी मुद्दाम रिकामा डबा खाली पाडतो आणि नायकाला तो उचलून कचरापेटीत टाकायला फर्मावतो. डबा मुकाट्याने उचलायचा, की त्याच्याच अंगावर फेकायचा? हे खेळणाऱ्याने ठरवायचे! सत्ता आणि लाचारी यांवर तासभर व्याख्यान देऊनही जे कळणार नाही, ते त्या डब्याने कळते.

आता आमच्या पिढीची कबुली. बेळगावच्या नेट कॅफेत तासाला दहा-पंधरा रुपये मोजून आम्ही 'काउंटर-स्ट्राइक' खेळत होतो. दोन बाजू, बंदुका आणि झटपट संपणाऱ्या फेऱ्या. दोघा तरुणांनी 'हाफ-लाइफ'मध्येच फेरफार करून 1999 मध्ये तो बनवला होता, हे मला फार उशिरा कळले. म्हणजे आम्ही गोळी घेतली आणि गोष्ट तिथेच ठेवली.

वास्तविक गोष्टींचे दारिद्र्य आपल्याकडे कधीच नव्हते. निपाणीपासून हाकेच्या अंतरावरील कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली. 2025 मध्ये ते गेले. त्यांच्या कथा आहेत. कन्नडमध्ये राजशेखर भूसनूरमठांनी विज्ञानकथा लिहिल्या. तंत्रही आता दूर राहिलेले नाही. पुण्यातील मंडळींनी 2020 मध्ये 'राजी' हा पौराणिक वातावरणाचा खेळ जगापुढे आणला. पुण्याच्याच 'इंडस'ने 2024 मध्ये भारतीय वळणाचे भविष्य रंगवले, पण खेळ पुन्हा शेवटी कोण उरतो याच चढाओढीचा! गोष्ट सांगणाऱ्याची जागा अजून रिकामीच आहे.

त्या मुलाला मी मोबाईल परत दिला, पण एका अटीवर: तुझ्या खेळातला माणूस कोण, कुठला आणि बंदूक का उचलतो, ते लिहून आण. आठवड्याने त्याने दीड पान आणले. शुद्धलेखन यथातथाच, पण त्यातला माणूस तंबाखूच्या वखारीत लपला होता, आणि त्याला घरी आई होती.

विद्यार्थी मित्रहो, पुढच्या अंकासाठी अशी दीड-दोन पाने आपणही द्यावीत. कन्नड विभागातील मित्रांनाही हेच आवाहन. खेळ बनवणारे हात उद्या याच वर्गांतून निघतील. त्यांच्या हाती देण्यासाठी आधी गोष्ट तर हवी!