घरच्या खाटेवरचा रुग्ण विम्यात कधी बसणार?

मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण, हैदराबाद.



एक हिमायतनगर आपल्या हैदराबादेत आहे. हे पत्र दुसऱ्या हिमायतनगरातून येत आहे. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावरचं, नांदेड जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. इथं कुणाला लकवा मारला की नातेवाईक त्याला घेऊन नांदेडची डॉक्टर लेन गाठतात. काही दिवसांनी माणूस जिवंत परत येतो, पण नाकात नळी, खाली लघवीची पिशवी आणि अर्धं अंग लुळं. खरा खर्च तिथून पुढं सुरू होतो: हवेची गादी, डायपर, फिजिओथेरपी, नळी बदलायला येणारी नर्स. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. ते बहुधा घरातल्या सुनेच्या वाट्याला येतं आणि तिची खुरपणीची मजुरी बुडते.

ही बिलं लावून क्लेम पाठवला की आधी एक कागद कमी निघतो, तो दिला की दुसरा. शेवटी इंग्रजीत पत्र येतं: नामंजूर. कारणापुढं एक कोड असतो, 'एक्स्क्ल 05'.

साहेब, हा कोड कंपनीनं काढलेला नाही, तो आपल्या प्राधिकरणाचा आहे. सप्टेंबर 2019 च्या आपल्या परिपत्रकानं पॉलिसीतून काय वगळता येईल याची प्रमाण भाषा ठरवली. त्यात विश्रांती आणि पुनर्वसनासोबत घरची निगाही आली. अंघोळ घालणं, कपडे बदलणं, उठायला-चालायला मदत करणं, हे प्रशिक्षित नर्सनं केलं तरी वगळता येतं. मरणपंथाला लागलेल्या रुग्णाची सेवासुद्धा त्याच कलमात आहे. वगळण्याची ही फक्त मुभा आहे, सक्ती नाही. पण मिळालेली मुभा कोणती कंपनी सोडेल?

नियमाविरुद्ध नाकारलेल्या क्लेमसाठी आपण बरंच केलं आहे, हे मोकळेपणानं मान्य करतो. 29 मे 2024 च्या आपल्या परिपत्रकानुसार कंपनीच्या समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही, नाकारताना पॉलिसीतली नेमकी अट दाखवावी लागते, आणि कागदपत्रं दवाखान्याकडून कंपनीनंच मिळवायची असतात. कंपनीनं तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तर दिलं नाही, तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडं जाता येतं, तेही विनाशुल्क. नांदेडला ग्राहक आयोग आहे. गावात हे फार थोड्यांना माहीत आहे. पॉलिसी विकणारा एजंट तर ते सांगत नाही. पण ज्याचा क्लेम नियमानुसारच नाकारला गेला, त्याला लोकपाल तरी काय देणार? जे पॉलिसीत लिहिलं आहे, त्यावरच त्यांना निवाडा करावा लागतो.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी असाच अनुभव अपघात विम्यात घेतला. विमा कंपन्या दावे वेळेत निकाली काढत नाहीत, त्रुटी काढून नाकारतात, हे पाहून राज्य सरकारनं 2023 मध्ये गोपीनाथ मुंडे योजनेतून कंपन्यांनाच वगळलं आणि सानुग्रह अनुदान थेट द्यायला सुरुवात केली. जर्मनीनं 1995 मध्ये आणि जपाननं 2000 मध्ये दीर्घकालीन निगेसाठी सक्तीचा सार्वजनिक विमा सुरू केला. तेवढी मोठी योजना आपल्या अखत्यारीत नाही, हे जाणतो. जे आहे तेवढंच मागतो.

2020 मध्ये आपण सगळ्या कंपन्यांना आरोग्य संजीवनी ही एकसारखी पॉलिसी विकायला लावली. तिच्यात डिस्चार्जनंतरचा खर्च 60 दिवसच मिळतो. लकव्याचा माणूस साठ दिवसांत उठून बसत नाही. अंथरुणाला खिळल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र असेल, तर ही मुदत निदान एक वर्ष करा. त्या वर्षात नर्स, फिजिओथेरपी, नळी, पिशवी आणि डायपर यांचा खर्च ठरावीक मर्यादेत द्यायला लावा. यासाठी हप्ता थोडा वाढला तरी चालेल, पण तो किती वाढेल ते आधी जाहीर करा. त्या पॉलिसीपुरतं 'एक्स्क्ल 05' मधलं घरच्या निगेचं वाक्य काढून टाका.

आणि नामंजुरीचं पत्र मराठीत येऊ द्या. लोकपालाचा पत्ता आणि तक्रारीची मुदत त्याच पत्रात, पहिल्या पानावर ठळक छापायला सांगा.

आपला,
हिमायतनगरचा एक पॉलिसीधारक