व्याज उतरले, पण कर्ज कोठे आहे?

वर्गात मी व्याजाची गणिते शिकवतो. त्यांत एक मौज असते. मुद्दल, दर, मुदत सारे दिलेले असते आणि कर्ज तर नेहमीच मिळालेले असते! आमचे अर्थपंडितही असल्याच गणितांवर पोसलेले दिसतात. रिझर्व्ह बँकेने रेपो दर उतरवला रे उतरवला, की यांच्या लेखण्यांना पान्हा फुटतो. एप्रिल २०१२ पासून तो दर ८.५ टक्क्यांवरून उतरत मे २०१३ मध्ये ७.२५ वर आला. काटोलकडच्या शेतकऱ्याला त्यातले काय मिळाले, हे मात्र कोणी विचारले नाही.

गावच्या सेवा सोसायटीमार्फत पीककर्ज पुरवणारी त्याची बँक म्हणजे नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक. परवान्यासाठी अशा बँकेचे स्वतःचे भांडवल जोखमीच्या मानाने निदान ४ टक्के असावे, एवढीच अट होती. तेवढेही जमेना. २०१२ सालीच तिला, वर्धा आणि बुलढाण्याच्या भगिनींसह, नव्या ठेवी घेण्यास मनाई झाली. ठेव नाही, तर कर्ज कोठून? दर पाऊण टक्का उतरो की पाच टक्के!

येथे कोणी रिझर्व्ह बँकेच्या नावाने बोटे मोडू लागला, तर मी त्याच्या पंक्तीला बसणार नाही. भांडवल म्हणजे तिजोरीत कुलूपबंद ठेवलेली रास नव्हे. कर्ज बुडाले की पहिला घाव सोसायचा तो मालकाच्या पदरच्या पैशांनी. ते आटले की पुढचा घाव ठेवीदाराच्या पाठीवर. आणि ठेवीदारांत आम्ही मास्तर मंडळी पुष्कळ असतो.

माझा राग आहे तो कारभाऱ्यांवर. २००२ साली सरकारी रोख्यांच्या व्यवहारात या बँकेचे सुमारे १५० कोटी रुपये गेले. खालच्या न्यायालयाने दोषी ठरवले ते डिसेंबर २०२३ मध्ये. तेव्हा चौथीत असलेला मुलगा आता बाप झाला असेल! आणि अशा २३ जिल्हा बँकांना भांडवल पुरवण्याची २,३७५ कोटींची योजना केंद्राने मंजूर केली नोव्हेंबर २०१४ मध्ये. बंदीनंतरचे तीन खरीप तोवर उलटले होते.

उलट बँक ऑफ महाराष्ट्र पाहा. जून २०१७ मध्ये थकलेल्या कर्जांपायी तिच्यावरही रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. मालक दिल्लीचे सरकार. त्याने भांडवल ओतले आणि जानेवारी २०१९ मध्ये ती मोकळी झाली. दीड वर्ष! आमच्या जिल्हा बँकेचा मालक कोण म्हणून विचारावे, तर सभासद संचालकांकडे बोट दाखवतात, संचालक मुंबईकडे आणि मुंबई दिल्लीकडे. पेरणी कोणासाठी थांबत नाही. तो गडी तोवर बियाण्याच्या दुकानात उधारीचे खाते उघडून आलेला असतो, आणि त्या खात्याचा दर कुठल्याही पतधोरणात छापून येत नाही.