धर्मज्ञ आणि गुन्हेगार

रहस्यकथा घरांत येऊं द्याव्या कीं नाहीं, हा वाद आपल्या सुशिक्षित कुटुंबांत जुनाच आहे. वडील मंडळींचें म्हणणें असें कीं, खून, चोऱ्या आणि वेषांतरें यांचें वाचन तरुण मनास हितावह नव्हे. आणि तरुण मंडळी तीं पुस्तकें उशीखालीं ठेवून वाचतातच. या वादांत दोन्ही पक्षांचें समाधान करूं शकेल अशा एका लेखकाचा परिचय आम्ही आज करून देणार आहों.

गिल्बर्ट कीथ चेस्टर्टन (१८७४-१९३६) या इंग्रज ग्रंथकारानें निर्माण केलेला फादर ब्राऊन हा डिटेक्टिव्ह एक रोमन कॅथलिक धर्मगुरु आहे. ठेंगणी मूर्ति, वाटोळा चेहरा, हातांत एक बोजड छत्री; पाहणारास हा गृहस्थ निव्वळ भोळसट वाटावा. १९११ पासून १९३५ पर्यंत त्याच्या कथांचे ५ संग्रह प्रसिद्ध झाले. शेरलॉक होम्स राखेवरून आणि चिखलाच्या डागांवरून माणूस ओळखतो. हा धर्मगुरु माणसाच्या मनावरून गुन्हा ओळखतो. कॅथलिक पंथांत पापी मनुष्य धर्मगुरूपुढें आपलें पाप उच्चारून सांगतो व प्रायश्चित्त मागतो. ज्यानें आयुष्यभर असें ऐकलें, त्याला पापाच्या आडवाटा अपरिचित कशा राहतील? चेस्टर्टनला ही कल्पना सुचली ती फादर जॉन ओकॉनर या आपल्या स्नेह्यावरून. जगांतील दुष्टपणा या साध्या धर्मगुरूस आपल्याहून अधिक ठाऊक आहे, हें पाहून तो चकित झाला होता.

पहिल्याच कथेंत फ्लाँबो नांवाचा अट्टल चोर धर्मगुरूचा वेष घेऊन फादरच्या सोबतीस लागतो. फादर त्याला ओळखतो, तें त्यानें बुद्धीची निंदा केली म्हणून. तर्काला झिडकारणारा मनुष्य खरा धर्मवेत्ता असणें शक्य नाहीं, असें त्याचें गमक. न्यायशास्त्राचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्या वाचकांस हें सहज पटेल. दुसऱ्या एका कथेंत धाकटा भाऊ, स्वतः धर्मोपदेशक असून, थोरल्या भावाचा प्राण घेतो. खून कसा झाला तें वाचकांनीं मुळांतच वाचावें. फादर खुन्यास एकांतांत गांठतो, त्याच्या मनांत काय काय घडलें तें त्यालाच सांगतो, आणि 'मी हें कोणासही सांगणार नाहीं. पुढचें तुम्ही ठरवा' अशा अर्थाचें बोलून थांबतो. थोड्याच वेळांत तो भाऊ आपण होऊन पोलिसांच्या स्वाधीन होतो.

धर्मज्ञ मनुष्यानें खुनाचा छडा लावावा, ही गोष्ट पुणेकरांस मात्र नवी नाहीं. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणराव पेशव्यांचा वध केला. त्याची चौकशी माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे, पेशवाईचे न्यायाधीश, यांनीं केली. आणि तिचे धागे थेट चुलत्यापर्यंत, रघुनाथरावांपर्यंत जाऊन पोहोंचले. 'ध' चा 'मा' झाल्याची कथा सर्वतोमुखीं आहे. ती इतिहास म्हणून घ्यावी कीं दंतकथा म्हणून, हा प्रश्न वेगळा. ग्रँट डफनें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासांत असें आहे कीं, या पापास स्वतःचा प्राण देण्यावांचून प्रायश्चित्त नाहीं, असें शास्त्रीबोवांनीं राघोबादादांस तोंडावर सांगितलें, आणि ते पुणें सोडून वाईजवळच्या एका खेड्यांत जाऊन राहिले. प्रभात कंपनीनें १९४४ सालीं 'रामशास्त्री' हा बोलपट काढला, तेव्हां हा प्रसंग घरोघरीं पोहोंचला.

दोघांच्या अधिकारांत अंतर आहे. फादरपाशीं दंडसत्ता नव्हती, म्हणून त्याचें मौन त्याला शोभलें. रामशास्त्री राज्याचे न्यायाधीश. त्यांस मौन वर्ज्य होतें, पण अपराधी हाच सत्ताधीश, तेव्हां निर्णयाची अंमलबजावणी कोणाकडून व्हावी? अपराध्यानें प्रायश्चित्त पतकरलें नाहीं. पुढें रघुनाथरावांनीं इंग्रजांचा आश्रय केला, १७७५ चा सुरतेचा तह झाला, आणि १७८२ पर्यंत चाललेलें युद्ध मराठी राज्यावर ओढवलें. अपराधी शोधून काढणें हें अर्धेंच काम. उरलेलें अर्धें अपराध्याच्याच हातीं असतें.

वर सांगितलेले दोन्ही खून एकाच घरांतले आहेत, ही गोष्ट आमच्या मनांतून जात नाहीं. एकत्र कुटुंबांत एखादा अपराध उघडकीस आला म्हणजे घराण्याच्या अब्रूसाठीं सर्वांनीं गप्प बसावें, असें वडील मंडळींस वाटतें; आणि फादरही गप्प बसलाच कीं, असें कोणी म्हणेल. परंतु त्यानें आधीं पापाचें नांव पाप्याच्या तोंडावर घेतलें होतें. त्यावांचूनचें मौन ही क्षमा नव्हे. तो केवळ भिडस्तपणा होय, आणि त्याची किंमत बहुधा घरांतील दुबळ्या माणसास द्यावी लागते.

म्हणून आमची शिफारस अशी कीं, या कथा घरांत अवश्य येऊं द्याव्या, आणि शक्य तर वडिलांनीं त्या मुलांच्या आधीं वाचाव्या.