घराचा हप्ता आणि आईची नोकरी



नोकरी कोठे करावी, घर कोठे घ्यावे आणि हाती येणाऱ्या पैशाची विभागणी कशी करावी, हे तीन प्रश्न आपल्या तरुण कुटुंबांत तीन निरनिराळ्या दिवशी, तीन निरनिराळ्या माणसांच्या सल्ल्याने सोडविले जातात. नोकरीचा निर्णय नवरा करतो, घराचा निर्णय वडीलधारी माणसे करतात आणि पैशाचा निर्णय कर्ज देणारा करतो. ज्या तरुण आईच्या कष्टांवर हे तिन्ही निर्णय उभे असतात, तिला मात्र शेवटी सहीपुरते बोलाविले जाते. परभणीत वकिली करीत असताना असे सह्या झालेले कागद माझ्यासमोर वारंवार येतात. त्यांवरून माझे जे मत बनले आहे ते पुष्कळांना रुचणार नाही. तरी ते स्पष्ट मांडणे मला कर्तव्य वाटते. ज्या घरात मूल लहान आहे आणि आई कमावती आहे, त्या घराने तिची नोकरी सोडवून परगावी कर्जाचे घर घेऊ नये.

आपल्या जिल्ह्याची स्थिती आपण जाणताच. मानवत आणि सेलू येथील जिनिंगमध्ये कापसाच्या हंगामापुरते काम मिळते, शेतमजुरी पावसाच्या लहरीवर अवलंबून असते आणि सरकारी कचेऱ्यांतील कायम जागा थोड्या. म्हणून आयटीआय झालेला आपला मुलगा वाळूज, चाकण किंवा रांजणगाव गाठतो. त्याची पत्नी मात्र परभणी, गंगाखेड किंवा जिंतूर येथेच परिचारिका म्हणून, खाजगी शाळेत शिक्षिका म्हणून किंवा एखाद्या कचेरीत संगणक चालक म्हणून, बहुधा कंत्राटावर, काम करीत असते. मूल आजीजवळ राहते. दोन-तीन वर्षे हा संसार दोन चुलींवर चालतो. मग एके दिवशी घरात ठरते की, तिने राजीनामा द्यावा, मुलाला घेऊन तिकडे जावे आणि कर्ज काढून तेथे स्वतःचे घर घ्यावे.

या इच्छेचा मी उपहास करीत नाही. ज्यांचे आजे-पणजे गावकुसाबाहेर राहिले, निजामी अमलात ज्यांच्या डोक्यावरच्या छपराची शाश्वती गावच्या मर्जीवर होती, त्यांना पक्क्या भिंतीचे आणि स्वतःच्या नावाचे घर म्हणजे काय वाटते हे मला कोणी सांगावयास नको. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांनी सत्याग्रह करून तुरुंग भरले, ते जमिनीच्या हक्कासाठीच. १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची गायरान अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ साली निघाला, तरी पुष्कळ कुटुंबे अद्याप सातबाऱ्यासाठी खेटे घालीत आहेत. अशा समाजाला घराची ओढ असणारच. परंतु ज्या ओढीमुळे आपण हिशेब करावयाचे विसरतो, तिचा लाभ दुसरेच कोणी घेत असते.

तो हिशेब आपण येथे करून पाहू. समजा, पत्नीला परभणीत दरमहा १८ हजार आणि पतीला चाकणला २५ हजार मिळतात. एकूण ४३ हजार. दोघांचे उत्पन्न एकत्र धरून बँक २० लाखांचे कर्ज मंजूर करते. व्याजाचा दर ९ टक्के आणि मुदत २० वर्षे धरली, तर हप्ता सुमारे १८ हजार पडतो. म्हणजे पत्नीचा संपूर्ण पगार. वीस वर्षांत मूळ २० लाखांपोटी सुमारे ४३ लाख फेडावे लागतात. आता तिने नोकरी सोडली. पतीच्या २५ हजारांतून १८ हजार हप्त्यास गेले की, तीन माणसांचा महिना ७ हजारांत भागवायचा. त्यातच प्रवास, दवाखाना, मुलाची शाळा आणि गावाकडच्या म्हाताऱ्या आईवडिलांचे औषध. कर्ज दोन पगारांच्या बळावर मिळाले आणि पहिला हप्ता भरण्याआधीच त्यांतील एक पगार नाहीसा झाला! ही गोष्ट बँकेला ठाऊक नसते, आणि ठाऊक असूनही दलाल ती सांगत नाही.

याहून गंभीर बाब कागदाची आहे. कर्जाच्या अर्जावर पत्नीची सहकर्जदार म्हणून सही असते. खरेदीखतावर मात्र अनेकदा एकट्या पतीचे नाव असते. या दोन गोष्टी एकच आहेत, असा आपल्या भगिनींचा समज असतो. तो चुकीचा आहे. सहकर्जदार म्हणजे कर्ज फेडण्यास जबाबदार. खरेदीखतावरील नाव म्हणजे घराचा मालक. पहिली सही आहे आणि दुसरे नाव नाही, अशी स्त्री कर्जाची भागीदार असते, घराची नसते. उद्या पतीची नोकरी गेली, किंवा दोघांत वितुष्ट आले, तर बँक तिलाही नोटीस पाठविते. हप्ते ९० दिवस थकले की खाते अनुत्पादित ठरते, आणि २००२ च्या सरफेसी कायद्यान्वये बँक ६० दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावताही गहाण घराच्या ताब्याची कारवाई करू शकते. त्या वेळी वकिलाच्या हाती फार थोडे उरते. म्हणून सहकर्जदार व्हावयाचे असेल, तर सहमालकही व्हावयाचे. तशी तयारी नसेल तर सही करावयाची नाही. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून केवळ स्त्रीच्या नावे घेतलेल्या निवासी घरास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, हेही पतीराजांनी ध्यानात घ्यावे.

“मग काय जन्मभर भाड्याने राहावे?” असा प्रश्न मला विचारला जातो, आणि तो विचारताना स्वरात थोडी लाज असते. ही लाज आपण टाकून दिली पाहिजे. परळच्या बी. आय. टी. चाळीतील दोन खोल्यांत बाबासाहेबांचे बिऱ्हाड सुमारे दोन दशके होते. १९२७ चा महाडचा सत्याग्रह झाला तेव्हा ते तेथेच राहत होते. १९३० साली गोलमेज परिषदेस गेले तेव्हाही बिऱ्हाड तेथेच होते. दादरचे ‘राजगृह’ त्यानंतर उभे राहिले. बॅरिस्टर आणि कायदेमंडळाचा सभासद झालेल्या पुरुषाला जे कमीपणाचे वाटले नाही, ते आपल्याला का वाटावे?

तथापि भाड्याचे घर आपल्याला सुखासुखी मिळत नाही, हेही मान्य केले पाहिजे. घरमालक आधी आडनाव विचारतो, मग गाव विचारतो आणि भिंतीवरील तसबीर पाहिली की, “खोली कालच दिली” असे सांगतो. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणास निवासी जागेत राहण्यास अटकाव करणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. पण घरमालक कारण बोलून दाखवीत नाही, म्हणून पुरावा उभा करणे कठीण जाते. या ठिकाणी कायद्याचा हात तोकडा पडतो. पुष्कळजण या अपमानाला कंटाळूनच घाईने कर्ज काढतात, आणि त्यांना दोष देणे मला जमत नाही. एवढेच सांगेन की, जागा मिळाल्यावर करार लेखी आणि नोंदणीकृत करून घ्या. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे, आणि तोंडी वायद्यावर अनामत रक्कम दिलेली माणसे नंतर हात चोळीत बसतात.

आता आईच्या नोकरीकडे येऊ. “कंत्राटाची तर नोकरी, तिचे काय एवढे?” हे वाक्य मी सुशिक्षित पुरुषांच्या तोंडूनही ऐकले आहे. कंत्राटाची नोकरी कमी पगाराची असेल. ती हक्कशून्य नाही. प्रसूतीच्या काळात स्त्री कामगाराला वेतनासह विश्रांती मिळावी, या विधेयकाची बाजू बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडली आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला. पुढे १९६१ चा मातृत्व लाभ कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजेची मुदत २६ आठवडे झाली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तशीच ठेवलेली आहे. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेले असले की हा हक्क प्राप्त होतो. रोजंदारीवरील स्त्रियांनाही तो आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महानगरपालिकेच्या प्रकरणात ठरविले. कंत्राटाची मुदत मध्येच संपली तरी लाभ बुडत नाही, असेही २०२३ साली कविता यादव यांच्या खटल्यात ठरले. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी, असा नियम आहे. ते पाळणाघर बहुतेक ठिकाणी मागितल्यावाचून दिसत नाही, हा भाग वेगळा. आपल्या भगिनी यांतील काहीच न मागता राजीनामा लिहून देतात. मग भविष्यनिर्वाह निधीची रक्कम काढून ती घराच्या पहिल्या भरण्यात घालतात. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते. सात-आठ वर्षांची सेवा अशी एका अर्जासरशी पुसली जाते.

कुटुंबाने एकत्र राहावे, याविषयी दुमत नाही. बापाचे तोंड महिन्यातून एकदा पाहणाऱ्या मुलाची गोष्ट मी हलकी मानीत नाही. आणि दिवसभर काम करून रात्री एकटीने तापलेले मूल सांभाळणाऱ्या आईची तर मुळीच नाही. पण एकत्र यावयाचे तर सरकायचे कोणी, हा प्रश्न आपण मोकळ्या मनाने विचारतच नाही. पुरुषाची नोकरी म्हणजे खुंटा आणि बाईची नोकरी म्हणजे दावे, ही समजूत आपण धर्मांतराबरोबर नदीत सोडावयास हवी होती. वरच्याच उदाहरणातील पतीचा हिशेब पाहा. २५ हजारांतून खोलीभाडे, खानावळ आणि परभणीच्या फेऱ्या यांत ९ हजार जात असतील, तर घरी १६ हजार पोहोचतात. त्याला परभणीत १५ हजारांचे काम मिळाले, तर तोटा एक हजाराचा आणि लाभ रोज सायंकाळी मुलाला मांडीवर घेण्याचा. असे काम सर्वांनाच मिळेल असे मी म्हणत नाही. ते शोधलेच जात नाही, हे माझे म्हणणे आहे. आणि तिकडेच जावयाचे ठरले, तर आधी तिच्यासाठी तेथे काम पाहावे, मग भाड्याची खोली घ्यावी, आणि मुलाची व्यवस्था लागून दोघांचे दोन पगार वर्षभर हाती पडल्यावर घराचा विषय काढावा.

भगवान बुद्धाला दीघजाणू नावाच्या कोलीय गृहस्थाने असाच संसारी प्रश्न विचारला होता. आम्ही मुलाबाळांच्या गराड्यात राहणारी माणसे, आमच्या हिताचे काही सांगा, असे तो म्हणाला. त्याला जे सांगितले गेले त्यात उद्योग होता, मिळविलेल्याचे रक्षण होते, चांगल्यांची संगत होती आणि आवक पाहून जावक ठेवणारी समजीविका होती. दुसऱ्या एका उपदेशात अनाथपिंडिकाला ऋण नसण्याचे सुख वेगळे मोजून दाखविले आहे. आपल्या वस्त्यांत आज हप्ता वसूल करणारा माणूस आठवड्याला येतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सूक्ष्मकर्ज देताना कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा अधिक होता कामा नयेत. माझ्या मते लहान मूल असलेल्या घराला निम्मे हे फारच झाले. भाडे किंवा हप्ता मिळून तृतीयांशापुढे जाऊ नये आणि सहा महिन्यांचा खर्च खात्यात पडून असावा. लग्नकार्यासाठी सावकाराकडे जाणाऱ्यांनी निदान तो परवानाधारक आहे की नाही, हे सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात पाहून घ्यावे.

ज्यांना स्वतःचे घर हवेच आहे, त्यांनी प्रथम गावाकडे नजर टाकावी. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई आवास योजना आहे. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण भागात २०१६ पासून सपाट प्रदेशातील घरासाठी मूळ साहाय्य १ लाख २० हजार रुपये असून, विवाहितांचे घर पतिपत्नीच्या संयुक्त नावे किंवा पत्नीच्या नावे मंजूर करण्याचा संकेत आहे. धर्मांतरामुळे सवलती जातील ही भीती मनातून काढून टाका. राज्याच्या सवलती १९६० पासून आणि केंद्राच्या १९९० पासून बौद्धांना लागू आहेत. अडचण येते ती जागेच्या कागदाची. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर अजूनही मयत आजोबांचे नाव असते, वारसनोंद कोणी केलेली नसते आणि त्यामुळे प्रकरण अडकून राहते. नोंद करताना बहिणींची नावे गाळू नका. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे, मुलीचा वाटा त्यात मुलाइतकाच आहे आणि लपवून केलेली नोंद पुढे दाव्याचे कारण होते. अर्जासोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांची संपूर्ण यादी जोडा, ग्रामसेवकाकडून तारखेची पोच घ्या आणि ती पोच सुनेच्या हवाली करा. पुढचे हेलपाटे बहुधा तिलाच घालावे लागतात.