दुकानदारीची विद्या

व्यापार शिकवून येतो का? ‘तो रक्तातच असावा लागतो’ असे म्हणून आपण मध्यमवर्गीय मंडळी मुलाला निमूटपणे नोकरीच्या रांगेत उभे करतो. सॅम वॉल्टन या अमेरिकन दुकानदाराची हकीकत या बाबतीत ऐकण्यासारखी आहे.

हे गृहस्थ १९१८ साली ओक्लाहोमात जन्मले. १९४० साली मिसूरी विद्यापीठाचे अर्थशास्त्राचे पदवीधर झाले. पुढे व्हार्टन या नामांकित व्यापारविद्यालयात जाण्याची इच्छा होती, पण पैशाचे जमेना. तेव्हा महिना ७५ डॉलरवर जे. सी. पेनीच्या दुकानात उमेदवारी पत्करली. माल खपवण्यात तरबेज, पण पावत्यांवरचे अक्षर म्हणजे मुंग्यांचे पाय! एकदा खुद्द मालक पेनी दुकानात आले, आणि कमीत कमी कागद-दोऱ्यात पुडके नेटके कसे बांधावे हे त्यांनी या पोराला स्वतः बांधून दाखवले. पेनीसाहेबांचे मधले नावच ‘कॅश’ होते, तेव्हा यात नवल ते काय?

१९४५ साली पदरचे ५,००० आणि सासऱ्यांकडून उसने घेतलेले २०,००० डॉलर घालून वॉल्टननी आर्कान्सामधल्या न्यूपोर्ट गावी दुकान घेतले. गिऱ्हाईक छान जमले. आणि मग कळले, की मुदतीनंतर जागा पुन्हा मिळण्याचे कलमच भाडेपट्ट्यात नाही! जागेच्या मालकाला ते चालते दुकान आपल्या मुलासाठी हवे होते. पाच वर्षांची मेहनत तशीच सोडून १९५० साली बिऱ्हाड हलले. (सासरे वकील होते, बरे का!) पुढच्या गावी, बेंटनव्हिलला, दुकान वाढवण्यासाठी शेजारची जागा घेतली ती ९९ वर्षांच्या पट्ट्याने.

गणित मात्र न्यूपोर्टलाच उमगले होते. ८० सेंटला आणलेली वस्तू १.२० डॉलरऐवजी एका डॉलरला लावली, तर ती तिप्पट खपते. नगामागे नफा निम्मा, पण गल्ल्यात दीडपट. याच हिशेबावर २ जुलै १९६२ रोजी रॉजर्स गावी पहिले वॉलमार्ट उघडले.

वॉल्टन १९९२ साली वारले. १९९८ साली त्यांच्या कुटुंबाच्या संस्थेने आर्कान्सा विद्यापीठाच्या व्यापार महाविद्यालयाला ५ कोटी डॉलर दिले आणि महाविद्यालयाला सॅम वॉल्टन यांचे नाव मिळाले. २००२ साली विद्यापीठाला आणखी ३० कोटी. फीपायी व्हार्टनला मुकलेल्या माणसाच्या नावाने आज पोरे व्यापार शिकतात, याचा मला आनंद वाटतो.

पण त्या स्वस्ताईची दुसरी बाजूही आहे. वॉलमार्ट आले आणि गावोगावच्या पेठांतल्या लहान दुकानांना कुलुपे लागली, अशी तक्रार अमेरिकेत वर्षानुवर्षे होत आली आहे. त्या दुकानांतही कुणी सासऱ्याचे पैसे घातले असतील. त्या महाविद्यालयात मी शिकवत असतो, तर पहिल्या दिवशी न्यूपोर्टचा भाडेपट्टा फळ्यावर लिहिला असता, आणि दुसऱ्या दिवशी मुलांना अशा एखाद्या बंद दुकानाच्या मालकाकडे पाठवले असते, वही-पेन्सिल घेऊन.