गांजा म्हणजे नुसता झाडपाला नव्हे

'ताई, गांजा म्हणजे दारू थोडीच? झाडपाला तो. पाचवं शील कुठं मोडतं?' नारायणगावच्या वस्तीत एका दहावीच्या पोरानं मला विचारलं. शीलात मद्याबरोबर बेसावधपणाही येतो, असं मी म्हटलं. त्याला पुरावा हवा होता. (बाबासाहेबांच्या पोरानं मागावाच!)

युरोपात ७९९ मुलांच्या मेंदूचा एमआरआय १४ व्या वर्षी आणि पुन्हा १९ व्या वर्षी काढला. मधल्या काळात ज्यानं गांजा जास्त ओढला, त्याच्या कपाळामागच्या भागाचा वरचा थर जास्त पातळ झालेला दिसला. विचार करून पाऊल टाकायचं काम हाच भाग करतो आणि तो पंचविशीपर्यंत घडत असतो. अमेरिकेत २०२५ साली हजारभर तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आयुष्यात हजारहून जास्त वेळा गांजा ओढलेल्यांपैकी ६३ टक्क्यांचा मेंदू लक्षात ठेवायचं काम देताच कमी चालताना दिसला.

नुसत्या स्कॅनवरून कारण पक्कं ठरत नाही, हे मान्य. तरी शिकण्याच्या वयात ही जोखीम नको.

'पोलिसात द्या' म्हणणाऱ्या पालकांशी माझं जमत नाही. गुन्हा नोंदला की शिक्षण, नोकरी दोन्ही अडतं. आधी १४४४६ वर फोन करा, मोफत आहे.

त्या पोरानं नंबर लिहून घेतलाय. फोन अजून केलेला नाही.